चिचुंद्री, पुठ्ठा आणि कालचं ताक

माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे : ‘मुंढवा. गव्हाची बिअर. छान. थंडगार. परत घ्यायला हरकत नाही.’ त्याखाली, इंडिया पेल एल नावाच्या बिअरबद्दल : ‘आयपीए. कडू. छान.’ तिसऱ्या ओळीत नुसतंच ‘छान’. साल २०१६. वही मात्र चांगली जाड, कापडी बांधणीची, अप्पा बळवंत चौकातून खास आणलेली. बायकोनं ती पानं चाळली आणि म्हणाली, “कोथरूडहून मुंढव्याला जाऊन ‘छान’ एवढंच लिहायचं असेल, तर इथेच बसून लिही की. रिक्षाचे पैसे तरी वाचतील.”

तिचं चुकत नव्हतं. एका ग्लासात आणि दुसऱ्यात फरक आहे हे जिभेला कळायचं, पण तो काय आहे हे सांगायला तोंडात शब्द नसायचे. समोरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं : ग्रेपफ्रूट, पाइन, बिस्किट, स्टोन फ्रूट. ग्रेपफ्रूट मी जन्मात खाल्लं नव्हतं. पाइन म्हणजे माझ्यापुरता फरशी पुसायच्या फिनेलचा वास. स्टोन फ्रूट म्हणजे काय हे विचारायचीही लाज. शेजारच्या टेबलावरचे माना डोलवायचे, म्हणून मीही डोलवायचो.

पुण्यात राहून हा नाद लागायला फार कष्ट पडत नाहीत. कोंढव्याच्या पुढे कोरिंथियन्स हॉटेलात २००९ साली डूलाली सुरू झाली, तेव्हा डोळ्यांसमोरच्या टाक्यांत बनलेली बिअर तिथेच बसून प्यायची ही गोष्टच आपल्याकडे नवी होती. त्या नावाची गंमत मला फार उशिरा कळली. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत, मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत पडलेले गोरे शिपाई उन्हानं आणि रिकामपणानं भ्रमिष्ट व्हायचे. त्यांच्या तोंडी देवळालीचं ‘डूलाली’ झालं आणि शब्दाचा अर्थ झाला डोकं फिरलेला. आपण ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणतो, तसंच. मग मुंढव्यात इंडिपेन्डन्स आली, कोरेगाव पार्कात एफिंगट, पुढे ग्रेट स्टेट एलवर्क्स. मूनशाइनवाले तर बिअरऐवजी मधाची दारू, मीड, करायला लागले. तोवर मी ‘छान’वरच होतो.

हो, परवाना. महाराष्ट्रात बिअरला वयाची २१ वर्षं पुरी लागतात, कडक दारूला २५, आणि दोन्हीला परवाना. एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, आजन्म हजाराला. मी आजन्मवाला काढला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचा हा कागद माणसाला स्वतःचं आरोग्य राखण्यासाठी मिळतो. तसं मी आईला सांगितलं. आईनं चष्मा लावून शिक्का तपासला आणि कागद परत देत म्हणाली, “सरकारला काय, ते काहीही छापतं.”

वहीतला पहिला खरा शब्द पुण्यात सापडला नाही. २०१८ मध्ये कंपनीनं तीन महिन्यांसाठी जर्मनीत पाठवलं, कोलोनजवळ. तिथली बिअर कोल्श. ती २०० मिलीलिटरच्या उभ्या, बारीक ग्लासात येते. वाढणाऱ्याला कोबेस म्हणतात. तो काही विचारत नाही. ग्लास रिकामा दिसला की हातातल्या गोल तबकातला भरलेला ठेवतो, पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो आणि पुढे जातो. मला वाटलं, आपण न मागता येतंय, परत पाठवणं बरं दिसणार नाही. पाच रेघा झाल्यावर ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला माझी दया आली. त्यानं ती चकती उचलून माझ्या ग्लासावर झाकणासारखी ठेवली. कोबेस लगेच थांबला. अहो, ही तर पंगत! पानावर आडवा हात धरल्याशिवाय वाढपी जिलबी वाढायचा थांबत नाही, तसंच. एवढी साधी गोष्ट मला जेवणाच्या पानावरून ओळखता यायला हवी होती.

एका शनिवारी बांबर्गला गेलो. तिथल्या श्लेंकेर्ला या जुन्या ठिकाणी धुराची बिअर मिळते. मोड आणलेला जव बीचच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात आणि तो धूर थेट ग्लासापर्यंत येतो. पहिला घोट घेतला आणि वाटलं, काहीतरी करपलंय. दुसऱ्या घोटाला नाकानं एकदम काहीतरी पकडलं. तिथल्या तिथे वही काढून लिहिलं : ‘भरताचं वांगं. गॅसवरचं नव्हे, शेगडीतलं. सालासकट.’

‘छान’ लिहायचं विसरलो होतो. परतीच्या गाडीत ती ओळ मी चार वेळा वाचली.

पुण्याला आल्यावर रीतसर शिकायचं ठरवलं. अमेरिकेत १९८५ पासून बीजेसीपी नावाची परीक्षकांची संघटना आहे, तिची गुणपत्रिका फुकट उतरवून घेता येते. पन्नास गुण : वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५, एकूण परिणामाला १०. दिसण्याला फक्त तीन! आपल्याकडच्या स्थळं बघण्याच्या पद्धतीच्या अगदी उलट. बिअरच्या जाणकारीचं प्रमाणपत्र देणाऱ्या सिसेरोनची पहिल्या पायरीची परीक्षाही घरबसल्या दिली. साठ प्रश्न, तीस मिनिटं, ७५ टक्क्यांना पास. पाठांतराचं बाळकडू मिळालेल्या माणसाला ती जड नाही. पिल्सनर ही बिअर १८४२ मध्ये प्लझेनला जन्मली, बव्हेरियातला बिअरच्या शुद्धतेचा फतवा १५१६ चा, ग्लासाला साबणाचा ओशटपणा राहिला की आतून बुडबुडे चिकटतात, असलं सगळं घोकलं आणि पास झालो. नाक होतं तिथेच होतं.

मग वाटलं, पदार्थ कसा बनतो हे हातानं केल्याशिवाय नाकाला अक्कल येणार नाही. पण घरी बिअर करायला आपल्याकडे परवानगी नाही. ते बेकायदा दारू गाळण्यातच जमा होतं, आणि माझा आजन्म परवाना फक्त पिण्यापुरता आहे. तेव्हा यीस्ट घालायच्या अलीकडे थांबायचं, असं ठरवलं. जवाला मोड आणायचे, सुकवायचे, भरडायचे, गरम पाण्यात त्यातल्या पिठाची साखर करायची आणि तिथे हात धुवायचे. पुढचं सगळं यीस्टचं काम. इथवरच्या प्रकाराला दारू म्हणता येत नाही. फार तर गोड पाणी.

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, “होमाला हवेत का?” मी उगाच “हो” म्हणालो. त्यानं दोन किलो पांढरेशुभ्र, गुळगुळीत दाणे दिले. घरी भिजवले, पंचात बांधले. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी गाठोड्यातून जो वास आला, त्यानं बायकोनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोड एकालाही नाही. कारण नंतर कळलं : ते पॉलिश केलेले होते. साल खरवडताना कोंबाची जागाही जाते. मेलेल्या दाण्याला मोड कसा येणार?

दुसऱ्या खेपेला सालासकटचे जव मागितले. “मग आधी सांगायचं ना,” असं ऐकून घेतलं. या वेळी मोड आले, पण महिना मेचा. पुण्याच्या ३८-३९ अंशांत दोन दिवसांत मोडांबरोबर हिरवट बुरशीही आली. आई तेव्हा आमच्याकडे राहायला होती. ती गाठोडं बघून म्हणाली, “अरे, नाचणीचं सत्त्व करतोस तसंच करतोयस ना? मग उन्हाळ्यात कशाला? माघात कर. आणि पाणी दोनदा बदल. दाणा श्वास घेतो, त्याला पाण्यात बुडवून मारायचं नसतं.”

मी उभाच राहिलो. माल्टिंगवरच्या, म्हणजे धान्याला मोड आणून वाळवण्यावरच्या, इंग्रजी लेखात हेच तर लिहिलं होतं : दाणे पाण्यात ठेवायचे, उपसून हवेवर ठेवायचे, पुन्हा पाण्यात, आणि तापमान पंधरा-सोळा अंशांच्या आसपास. मी लहान असताना आमच्या घरी दर वर्षी नाचणी भिजायची, पंचात बांधली जायची, मोड वाळायचे, मंद आचेवर भाजले जायचे, जात्यावर दळून वस्त्रगाळ व्हायचे. त्या सत्त्वावर मी वाढलो. इतकी वर्षं ‘माल्ट’ हा शब्द मी परका समजत होतो, आणि तो आमच्या माळ्यावरच्या डब्यात होता.

जानेवारीत तिसरा प्रयत्न आईच्या देखरेखीखाली झाला. रात्री पारा दहा-अकरापर्यंत उतरत होता. पाचव्या दिवशी तिनं एक दाणा नखानं चिरून दाखवला. आतला कोंब दाण्याच्या लांबीएवढा व्हायला आला होता. “आता थांबव. पुढे गेला तर दाणा पोकळ होतो.” दोन दिवस गच्चीवर वाळवले, मग लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर. मला घाई होती, गॅस वाढवायला गेलो तर हातावर चापट. “करपवलंस तर गोडी येणार नाही.” तिला कारण माहीत नव्हतं, मला होतं. पिठाची साखर करणारी विकरं जास्त आचेत मरतात. पण कारण माहीत असलेल्याचा हात गॅसच्या बटणावर होता आणि माहीत नसलेलीनं तो बाजूला केला.

मिक्सरमध्ये जाडसर भरड काढली. सालं शक्यतो अख्खी राहायला हवीत, गाळताना तीच चाळणीचं काम करतात. पाणी ७२ अंशांवर तापवून भरड घातली की मिश्रण ६६ च्या आसपास येतं. तिथेच ते तासभर टिकवायचं. मी पातेलं दोन टॉवेलात गुंडाळून देवघराच्या कोपऱ्यात ठेवलं, कारण तिथे पंख्याचा वारा नाही. सुरुवातीला एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाकलं : काळानिळा. म्हणजे पीठ आहे. अर्ध्या तासानं जांभळट. तासानं नुसता तपकिरी, आयोडीनचा जो रंग तोच. पीठ संपलं होतं. साखर झाली होती. जवाच्या दाण्यात, माझ्या देवघराच्या कोपऱ्यात, यीस्ट नाही, बिअरला कडूपणा देणारी हॉप्सची फुलं नाहीत, नुसतं गरम पाणी आणि वेळ.

पंचातून गाळून आईला वाटीत दिलं. तिनं बोट बुडवून चाटलं. “गोड झालंय रे. काकवीसारखं, पण भाजलेल्या कणकेची चव मागून येतेय.” मी वहीकडे धावलो. फळ्यावरचा ‘बिस्किट’ हा शब्द मला तेव्हा कळला. त्या पाण्यात तिनं संध्याकाळी दलिया शिजवून खीर केली. भरडीचा चोथा सोसायटीच्या वॉचमननं गाईला घातला. खऱ्या ब्रुअरीतला चोथाही गुरांच्या गव्हाणीतच जातो.

आता त्या रविवारचं सांगतो.

बिअर चाखायला शिकवताना सगळ्यात उपयोगी पडते ती बिघडलेली बिअर. दोष ओळखता आले की चांगलं आपोआप ओळखू येतं. परदेशात यासाठी तयार अर्कांच्या कुप्या मिळतात, पण त्यांची किंमत बघून मी स्वयंपाकघराकडे वळलो. साध्या, सौम्य लागर बिअरचं एक खोकं आणलं. एका जगमध्ये बटर इसेन्सचा अगदी एक थेंब, दुसऱ्यात डबाबंद मक्याच्या दाण्यांचं थोडं पाणी. हिरव्या बाटलीतली एक बिअर आदल्या दुपारी दोन तास गच्चीवर उन्हात ठेवली होती. आणि एक बाटली गेले दोन महिने माळ्यावर, पत्र्याच्या खाली, उकाड्यात पडून होती. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं, तेच हवं होतं.

पंच म्हणून दोन मित्र, मी आणि साताऱ्याहून आलेला माझा मेहुणा. सगळ्यांचे परवाने विचारून घेतले, त्यावर मेहुणा म्हणाला, “दाजी, तुम्ही पंक्तीला बोलावता का पोलीस चौकीत?” पद्धत त्रिकोणी चाचणीची : समोर तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. कोणता वेगळा ते सांगायचं, मग का ते सांगायचं. कुणाला काय दिलंय हे फक्त बायकोला ठाऊक. खायला काही तिखट नाही, साधे फुटाणे आणि पाणी. मसाला पापड मागणाऱ्या मित्राला मी हात जोडले. बिअर फार गारही ठेवली नव्हती. बर्फासारख्या गार बिअरमध्ये वास झोपून राहतो, हे मला सगळ्यात उशिरा कळलेलं सत्य आहे. आपल्याकडे ‘चिल्ड’ हाच बिअरचा सगळ्यात मोठा गुण मानतात, त्यात हे कोण ऐकणार!

पहिल्या फेरीत आम्ही चौघंही पडलो. तिघांनी चुकीचा ग्लास उचलला, मेहुण्यानं बरोबर उचलला पण का ते सांगता येईना. “काहीतरी आहे,” एवढंच. मला माझी २०१६ ची वही आठवली.

आई आतून कोथिंबीर निवडत ऐकत होती. ती उठून आली. तिला पिण्याचा प्रश्नच नव्हता, पण ग्लास नाकाजवळ धरायला तिनं हरकत घेतली नाही. एक, दोन, तीन. तिसऱ्यावर थांबली. “याला कालच्या ताकाचा वास येतोय. साय विरजून लोणी काढतो ना, त्यानंतरच्या ताकाचा.”

बायकोनं कागद दाखवला : बटर. डायसेटिल. आणि ताकात, लोण्यात जो वास असतो, त्यातला मोठा भाग खरंच याच पदार्थाचा असतो. आंबताना यीस्ट त्याचा कच्चा माल बाहेर सोडतं आणि शेवटी दोन-तीन दिवस जरा जास्त उबेत ठेवलं तर डायसेटिल परत गिळूनही टाकतं. घाईनं टाकी रिकामी केली तर तो वास तसाच राहतो. पुस्तकात लिहिलं होतं ‘थिएटरमधल्या पॉपकॉर्नसारखा’. मी तोच शोधत बसलो होतो आणि मला तो सापडत नव्हता.

दुसरी फेरी, मक्याचं पाणी. आई : “कणसं उकडलीयत. झाकण ठेवून. झाकून उकडली की हा वास आत कोंडतो.” मी पेन खाली ठेवलं. या दोषाला डीएमएस म्हणतात. मोड आलेल्या जवात त्याचं बीज असतं, उकळताना ते उडून जातं, पण भांडं उघडं हवं. झाकण लावून उकळणाऱ्या नवशिक्याच्या बिअरला हमखास कणसांचा वास येतो. हे वाचायला मी एक प्रकरण खर्ची घातलं होतं.

माळ्यावरच्या बाटलीला तिनं नाक मुरडलं. “पावसात भिजलेला पुठ्ठा. वह्यांची खोकी गळक्या खिडकीखाली राहिली होती, तेव्हा आला होता तसा.” ऑक्सिजन लागलेल्या, शिळ्या बिअरसाठी जगभरच्या पुस्तकांत ओला पुठ्ठाच लिहिलेला असतो. इथे पुस्तक आणि आई यांचं एकमत झालं.

आणि मग उन्हातली हिरवी बाटली. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की त्यातून गंधकाचा एक भयंकर वासाचा पदार्थ बनतो. तपकिरी काच बराचसा प्रकाश अडवते, हिरवी फारच थोडा. इंग्रजी पुस्तकात याचं नाव ‘स्कंक’. स्कंक हा अमेरिकेतला प्राणी. तो मी चित्रातच पाहिलाय, त्याचा वास घ्यायची वेळ माझ्यावर आलेली नाही, ईश्वर करो आणि येऊही नये. त्यामुळे हा दोष मला दोन वर्षं फक्त शब्द म्हणून माहीत होता. मेहुण्यानं ग्लास नाकाला लावला आणि खाली ठेवला. “दाजी, चिचुंद्री.”

“काय?”

“चिचुंद्री. आमच्या गावच्या घरात धान्याच्या कणगीमागे असते. रात्री दिवा लावला की आधी तिचा वास येतो आणि मग ती दिसते.”

सगळ्यांनी ग्लास परत उचलले. चिचुंद्रीच होती. तंतोतंत आहे असं रसायनवाला म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून मी उन्हाळलेली बिअर एकदाही चुकलेलो नाही. दुकानात हिरव्या बाटल्या ट्यूबलाइटखाली मांडलेल्या दिसल्या की मी मनात ‘चिचुंद्री’ म्हणतो आणि कॅनकडे वळतो.

त्या संध्याकाळनंतर वही बदलली. आयपीएच्या पानावर ‘पाइन, ग्रेपफ्रूट’ खोडून लिहिलं : ‘कैरीच्या देठाचा चीक. पपनसाची साल.’ गंमत म्हणून नाही. हॉप्समध्ये मर्सीन नावाचं जे सुगंधी तेल असतं, ते आंब्यातही असतं. मेमध्ये लोणच्याच्या कैऱ्या फोडताना हाताला जो वास बसतो तो आठवा आणि मग एखादी ताजी आयपीए हुंगा. इंग्रजांनी हिंदुस्थानात पाठवण्यासाठी म्हणून हॉप्स वाढवून केलेली बिअर ती, नावात इंडिया, आणि वास आमच्या कैरीचा. काळ्या स्टाउट बिअरच्या पानावर ‘करपलेल्या भाकरीची खालची बाजू, साखर न घातलेली कॉफी’. ग्रेट स्टेटची मीठ-कोकमवाली बिअर घेतली तेव्हा तर शोधावंच लागलं नाही : ‘आमसुलाचं सार, गार केलेलं, हिंगाशिवाय.’ जर्मनीत गोझे नावाची मीठ आणि धणे घातलेली आंबट बिअर आहे, तिच्याशी याचं नातं आहे. पण कोकणातल्या माणसाला ते नातं समजावून सांगायची गरज नाही. त्याला ते आधीच लागतं.

शब्द मिळाले की त्रासही सुरू होतो, हेही सांगायला हवं. शहराच्या एका नव्या टॅपरूममध्ये, नाव नको, मागवलेल्या पिल्सनरला सरळसरळ ताक येत होतं. वाढणाऱ्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “सर, ती बटरी नोटच आहे, स्टाइल आहे.” चेक प्रजासत्ताकातल्या काही जुन्या पिल्सनरमध्ये हा वास किंचित चालतो हे खरं, पण इथे किंचित नव्हता, वाटीभर होता. त्यात आंबटपणाही होता, म्हणजे बहुधा बिअर ज्यांतून येते त्या नळ्या धुतलेल्या नव्हत्या. न धुतलेल्या नळ्यांत असले जंतू घर करतात. पूर्वी मी हाच ग्लास पिऊन ‘छान’ लिहिलं असतं आणि सुखानं घरी गेलो असतो. आता अर्धा ग्लास ठेवून, पूर्ण बिल देऊन उठलो. बायको म्हणाली, “हे शिकण्यासाठी केवढा खर्च केलास, तर आनंद कमी व्हावा म्हणून!” उत्तर सुचलं नाही.

बाहेरगावीही गेलो अधूनमधून. बंगळुरूला इंदिरानगरमध्ये टॉइट आहे, तिथली गर्दी बघून वाटलं, आपल्याकडे रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरीला असते तेवढीच. तिथे पहिल्यांदा मी शेजारच्या अनोळखी टेबलाला सांगितलं की हा मिऱ्याचा वास आहे, आणि त्यांनी परत हुंगून माना डोलवल्या. या वेळी खऱ्या.

गेल्या दिवाळीनंतर आईला घेऊन दुपारच्या जेवणाला अशाच एका ब्रुअरीत गेलो. आधी ती येईना. “मी काय करू तिथे?” “थालीपीठ आहे,” म्हटल्यावर आली. थालीपीठ नव्हतं, पण तोवर उशीर झाला होता. आत शिरल्या शिरल्या ती थांबली. काचेमागे दुपारचा घाणा चालू होता, मोठ्या पातेल्यातून वाफ निघत होती. “सत्त्व चढवलंय वाटतं,” ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की काचेशेजारचा तरुण ब्रुअर वळला. मग दोघांचं बराच वेळ चाललं होतं. मोड किती दिवस ठेवता, वाळवता कशावर, घरी करता का विकत आणता. विकत आणतो म्हटल्यावर तिचा चेहरा जरा पडला.

त्यानं माझ्यासाठी गव्हाची बिअर आणली. गढुळसर, पिवळी, वर दाट फेस. मी ग्लास आधी तिच्याकडे सरकवला. तिनं लिंबाचं सरबत बाजूला ठेवलं, दोन्ही हातांनी ग्लास धरून हुंगलं, परत हुंगलं.

“शिकरण,” ती म्हणाली. “वेलची केळ्याची. पण यात लवंग कुणी टाकली?”

“कुणीच नाही काकू,” ब्रुअर हसत म्हणाला. “केळं आणि लवंग दोन्ही यीस्टच करतं. टाकी जरा गरम चालली की केळं वाढतं.”

“मग आज गरम चालली होती,” आई म्हणाली, “लवंग अगदी पाठीमागे आहे.”

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग टाकीच्या फलकाकडे. मी वही काढली. गव्हाच्या बिअरचं पान पहिलंच आहे, ‘छान. थंडगार.’ वालं. त्याच्याच खाली लिहिलं : ‘शिकरणात लवंग, कमी पडली. आईनं सांगितलं.’